आजोबांच्या ट्रंकेतलं पत्र: तिकीट कापण्याआधी त्यावरचे शिक्के वाचा

घर बदलताना किंवा जुना वाडा पाडायला काढला की माळ्यावरची एखादी ट्रंक खाली येते. तिच्यात सातबाऱ्याच्या नकला, लग्नपत्रिका आणि सुतळीने बांधलेला पत्रांचा गठ्ठा असतो. मग घरातलं कुणीतरी कात्री घेतं, तिकिटं कापून बाजूला ठेवतं आणि उरलेला गठ्ठा रद्दीत जातो. दुसऱ्या दिवशी कापलेल्या तिकिटांचा फोटो ग्रुपवर येतो आणि खाली प्रश्न असतो, ‘याचे किती येतील?’

बहुतेक वेळा याचं उत्तर निराश करणारं असतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली अर्ध्या आण्याची तिकिटं प्रचंड संख्येने छापली गेली आणि आजही ती सहज मिळतात. खरी किंमत होती ती रद्दीत गेलेल्या कागदाला. पत्र कुठून निघालं, कोणत्या वाटेने गेलं, किती दिवसांनी पोहोचलं, पैसे कुणी भरले हे सगळं त्या कागदावर होतं. ही माहिती वाचणं आणि जपणं यालाच ‘टपाल इतिहास संग्रह’ म्हणतात. रायगडातल्या कर्जत-खालापूर पट्ट्याला तर या छंदात खास जागा आहे, कारण मुंबई-पुण्याचं टपाल इथूनच बोरघाट चढायचं.

टपाल इतिहास संग्रह म्हणजे नेमकं काय?

तिकीट गोळा करणारा माणूस तिकिटाचा रंग, कागद, छपाई आणि दाते बघतो. टपाल इतिहास गोळा करणारा अख्खं पाकीट बघतो. त्याच्या दृष्टीने तिकीट हा फक्त एक पुरावा असतो. बाकीचे पुरावे म्हणजे पाठवणीचा शिक्का, वाटेतल्या ऑफिसचे शिक्के, पोहोच शिक्का, हाताने लिहिलेला आकार, ‘टू लेट’सारखे शेरे आणि पत्त्याची लिहिण्याची पद्धत.

या छंदाचं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं नदीवरच्या आगबोटींचं टपाल. रेल्वे सगळीकडे पोहोचण्याआधी मिसिसिपी आणि ओहायो नद्यांवरच्या वाफेच्या बोटी हाच तिथला मोठा रस्ता होता. १८२३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ज्या पाण्यात आगबोटी नियमित चालतात ते जलमार्गच टपालमार्ग ठरवले. काठावरचे लोक बोटीच्या कारकुनाच्या हातात सुटी पत्रं द्यायचे, बोट पुढच्या शहरात लागली की ती पोस्टात जमा व्हायची आणि पोस्टमास्तर त्यावर ‘स्टीम’ किंवा ‘स्टीमबोट’ असा शिक्का मारायचा. पुढे काही बोटींनी स्वतःच्या नावाचे शिक्केही बनवले. आज तेच तिकीट साध्या पाकिटावर स्वस्तात मिळतं, पण शेजारी एखाद्या बोटीचा दुर्मीळ शिक्का असेल तर संग्राहक त्यासाठी चढाओढ करतात.

आपल्याकडे याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे मुंबई-एडन मार्गावरचं ‘सी पोस्ट ऑफिस’. १८६८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत म्हणजे १९१४ पर्यंत विलायतेच्या टपालाची छाननी चालत्या बोटीवर व्हायची, आणि ‘सी पोस्ट ऑफिस’ असं लिहिलेले तिथले शिक्के आजही पाकिटांवर सापडतात. पण त्या बोटीपर्यंत पुण्याचं पत्र पोहोचायला आधी घाट उतरावा लागायचा. आपली गोष्ट तिथून सुरू होते.

बोरघाटाचं टपाल: चार टप्पे, चार वाटा

मुंबई इलाख्याची राजधानी मुंबईत, आणि पुण्यात लष्कराची मोठी छावणी. त्यामुळे या दोन शहरांत कागदांची सतत ये-जा असायची. मधे होती खाडी आणि सह्याद्री. एकाच मार्गावरचं पत्र कोणत्या साली लिहिलं त्यावरून ते कसं गेलं हे सांगता येतं.

१) १८५६ च्या आधी: मुंबईहून पनवेलपर्यंतचा नेहमीचा मार्ग पाण्याचा होता. पनवेल बंदरातून पुढे खालापूर, खोपोली आणि मग घाट. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३० मध्ये, बोरघाटातून गाडी जाईल असा रस्ता खुला झाला. त्याआधी घाटात माणसांच्या आणि जनावरांच्या पायांवरच सगळी भिस्त होती. मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला सुरू झाली आणि १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली, तरी घाटाचा पायथा अजून दूरच होता.

२) मे १८५६ ते जून १८५८: १२ मे १८५६ ला ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ म्हणजे जीआयपी रेल्वेची गाडी पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आली. आता खोपोलीपर्यंत आगगाडी आणि तिथून पुण्यापर्यंत रस्ता.

३) जून १८५८ ते १८६३: १४ जून १८५८ ला वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली. म्हणजे वर रेल्वे, खाली रेल्वे आणि मधे घाट मोकळा. प्रवासी खोपोलीला उतरून पालखी, तट्टू किंवा गाडीने घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचे. टपालालाही मधला तुकडा रस्त्यानेच पार करावा लागायचा.

४) १८६३ नंतर: २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते बोरघाटाच्या रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं. सुमारे १५ मैलांच्या या चढणीत २५ बोगदे होते. त्यानंतर टपालाची थैली मुंबईत गाडीत चढली की थेट पुण्यात उतरायला लागली.

यातला तिसरा टप्पा जेमतेम पाच वर्षांचा आहे. म्हणून १८५८ ते १८६३ या काळातलं मुंबई-पुणे पत्र दिसायला साधं असलं तरी संग्राहक त्याची तारीख नीट बघतो. ‘घाटातून रस्त्याने’ असा शेरा पाकिटावर असेलच असं नाही. वाट ओळखायची ती तारखेवरून. गंमत म्हणजे या बदलाची एक खूण आजही रोज धावते. कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल ज्या फाट्यावरून जाते, तो पळसदरी-खोपोली तुकडा १८५६ मध्ये मुख्य मार्गाचंच शेवटचं टोक होता. घाट फोडल्यावर मुख्य मार्ग वळला आणि खोपोली बाजूला राहिली.

अर्ध्या आण्यात काय यायचं?

पाकिटावरचा आकार बरोबर आहे का, हे पाहणं हा या छंदाचा पाया. १८५४ च्या आधी टपालाचा दर अंतर आणि वजन या दोन्हींवर ठरायचा. पैसे आधी भरता यायचे किंवा पत्र घेणाऱ्याकडून वसूल व्हायचे. तिकीट नसायचंच. सिंध प्रांतात १ जुलै १८५२ ला ‘सिंध डाक’ ही तिकिटं निघाली, आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी तिकिटं आणि एकच दर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते खोपोलीहून खंडाळ्याला जावो की कलकत्त्याला. पैसे न भरता टाकलेल्या पत्राला दुप्पट आकार पडायचा आणि तो घेणाऱ्याने द्यायचा. अशा पत्राला इंग्रजीत ‘बेअरिंग’ म्हणत. पुढे आपल्याकडे ‘नॉटपेड’ हा शब्द रुळला.

पाव तोळा म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. आजच्या छपाईच्या जाड कागदाचं एक पानही त्याहून जड भरतं. त्या काळची पत्रं पातळ कागदावर, कोपऱ्या-कोपऱ्यात बारीक अक्षरात, वेगळं पाकीट न घेता त्याच कागदाची घडी घालून का लिहिलेली असतात, त्याचं एक कारण हे. वजनाची पायरी ओलांडली की आकार वाढायचा.

सामान्य माणसाच्या हातात टपाल खऱ्या अर्थाने आलं ते १ जुलै १८७९ ला, पोस्टकार्डामुळे. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. घरोघरच्या ट्रंकेत कार्डं जास्त आणि पाकिटं कमी का सापडतात, त्याचं उत्तर या एका पैशात आहे.

मोडी वाचता येणाऱ्याचा फायदा

१९व्या शतकातली आपल्याकडची व्यापारी आणि घरगुती पत्रं बहुतेक मोडीत असतात, काही गुजराती किंवा मारवाडी महाजनी लिपीत. लिलावाच्या यादीत अशा पत्राचं वर्णन ‘देशी भाषेतला मजकूर’ एवढ्यावर संपतं, कारण विकणाऱ्याला आत काय आहे हे वाचता येत नाही. तुम्हाला मोडी येत असेल तर तुम्ही तांदळाचा भाव, सावकाराचा तगादा, घाटात अडकलेल्या मालाची तक्रार हे सगळं वाचू शकता. तिकीट दोन पत्रांवर सारखंच असलं तरी मजकुरामुळे एक पत्र सामान्य ठरतं आणि दुसरं अभ्यासाचं साधन होतं.

तारखेचाही मेळ घालता येतो. मोडी पत्रात शके, महिना आणि तिथी असते. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतं, म्हणजे शके १७८० म्हणजे १८५८-५९. तिथीवरून काढलेली तारीख आणि शिक्क्यावरची तारीख जुळली तर पत्र अस्सल असण्याची खात्री वाढते. पत्र लिहून किती दिवसांनी टपालात पडलं हेही कळतं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर १८६१ च्या सुमारास ४० हजारांहून जास्त मजूर काम करत होते. कॉलरा, तापाच्या साथी आणि अपघात यांत हजारो माणसं गेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यानंतर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट पुढे चालवलं. साहेबांची पत्रं, कंपनीचे अहवाल, सावकारांचे हिशेब उरले. ज्यांनी बोगदे खणले त्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, त्यामुळे त्यांची पत्रं संग्रहात जवळपास नाहीतच. म्हणून साध्या माणसाचं एखादं पत्र किंवा कुणाकडून लिहवून घेतलेला चार ओळींचा निरोप हाती आला, तर तिकीट कितीही फाटकं असो, तो कागद टाकू नये.

‘कळंब’ नेमकं कुठलं?

गावाचं नाव वाचलं म्हणजे जागा कळली असं होत नाही. कर्जत तालुक्यात कळंब आहे, कर्जत-मुरबाड रस्त्यावर. पण कळंब धाराशिव जिल्ह्यातही आहे, यवतमाळमध्ये आहे, पुणे जिल्ह्यात आहे आणि वसईच्या किनाऱ्यावरही आहे. विकणारा ‘कळंबचा शिक्का’ म्हणाला तर पुढचा प्रश्न हाच, कुठलं कळंब?

उत्तर पाकिटावरच मिळतं. धाराशिवचं कळंब निजामाच्या राज्यात होतं, आणि निजामाचं स्वतःचं टपाल खातं आणि १८६९ पासून स्वतःची तिकिटं होती. यवतमाळचं कळंब वऱ्हाडात. कर्जतच्या बाबतीत जिल्ह्याचं नाव बघायचं. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्यानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचं नाव रायगड झालं. म्हणजे ‘जिल्हा ठाणे’, ‘जिल्हा कुलाबा’ आणि ‘जिल्हा रायगड’ हे तीन पत्ते एकाच गावाचे असू शकतात आणि तिघांचा काळ वेगळा असतो. जुन्या सवयीने नाव बदलल्यावरही काही वर्षं जुना जिल्हा लिहिला जातो. पण उलटं होत नाही. १९६० च्या पत्रावर ‘रायगड जिल्हा’ असेल तर काहीतरी गडबड आहे.

इंग्रजी शिक्क्यांवरची स्पेलिंगं हा आणखी एक गुंता. त्या काळी साहेब खोपोलीला ‘कॅम्पूली’, नेरळला ‘नारेल’, कर्जतला ‘कुर्जत’, पनवेलला ‘पॅनवेल’, ठाण्याला ‘टॅन्ना’ आणि कल्याणला ‘कॅलियन’ असं लिहायचे. आजच्या स्पेलिंगने ऑनलाइन शोधलं तर जुनी पाकिटं सापडतच नाहीत. जुन्या स्पेलिंगने शोधून बघा.

अस्सल की बनावट: पाच साध्या चाचण्या

जुनी पाकिटं बनवून विकणारे आहेत. साध्या पाकिटावर दुर्मीळ तिकीट चिकटवणं किंवा खऱ्या पाकिटावर खोटा शिक्का मारणं, या दोन युक्त्या नेहमीच्या. महागडं भिंग नसलं तरी पुढचे प्रश्न विचारता येतात.

१) शिक्का तिकिटावरून पुढे पाकिटावर उतरला आहे का? अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर आणि रेषा जुळलेल्या असतील तर तिकीट मूळचंच असण्याची शक्यता वाढते.

२) आकार जुळतो का? पत्राचं वजन, त्या काळचा दर आणि लावलेली तिकिटं यांचा हिशेब लागला पाहिजे.

३) तारखांचा क्रम बरोबर आहे का? पाठवणीचा शिक्का आधीचा, पोहोच शिक्का नंतरचा. अंतराच्या मानाने लागलेले दिवसही पटायला हवेत.

४) वस्तू त्या काळात अस्तित्वात होती का? १८७५ चं सरकारी पोस्टकार्ड असू शकत नाही, कारण कार्ड आलं १८७९ ला. ‘नया पैसा’ १ एप्रिल १९५७ च्या आधी नाही. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ च्या आधी नाही.

५) मजकूर आणि पत्ता एकमेकांना धरून आहेत का? आतलं पत्र पुण्याचं आणि बाहेरचा शिक्का मद्रासचा असेल तर आधी त्याचं कारण शोधा, पैसे नंतर द्या.

महाग वस्तू घ्यायची असेल तर तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आहे का हे विचारा आणि विकत घेतल्याची पावती जपून ठेवा.

सुरुवात कुठून करायची?

१८६० चं पत्र मिळवायची घाई नको. घरातल्या गठ्ठ्यापासून सुरुवात करा. त्यात १९७१-७३ मधलं एखादं पाकीट असेल तर त्यावर पाच पैशांचं ‘रेफ्युजी रिलीफ’ तिकीट शोधा. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ ते ३१ मार्च १९७३ या काळात टपालावर हा जादा आकार होता. किंमत फार नाही, पण एका युद्धाची झळ आपल्या घरच्या पत्रापर्यंत कशी आली हे त्यावरून दिसतं.

त्यानंतर एक छोटा विषय ठरवा. ‘कर्जत तालुक्यातले सगळे शिक्के’, ‘माथेरानहून आलेली चित्रकार्डं’ किंवा ‘रेल्वे मेल सर्व्हिसचे शिक्के’. रेल्वे मेल सर्व्हिस म्हणजे आरएमएस. चालत्या गाडीतल्या डब्यात पत्रांची छाननी व्हायची आणि तिथे वेगळा शिक्का पडायचा. माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. जगभर चित्रकार्डांची चलती होती तो हाच काळ. त्यामुळे तिथून पाठवलेली कार्डं अजूनही बाजारात दिसतात.

नवीन तिकिटांसाठी मुंबई जीपीओतला फिलाटेलिक ब्युरो आहे. मोडी कागदांच्या अभ्यासासाठी पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि मुंबई-पुण्याची सरकारी पुराभिलेख कार्यालयं उपयोगी पडतात.

जपायचं कसं?

कर्जत-खालापूरच्या पावसात कागदाचे दोन शत्रू, ओल आणि कसर. लोखंडी ट्रंक जमिनीला टेकवून ठेवू नका. प्रत्येक पाकीट आम्लविरहित कागदात किंवा पॉलिएस्टरच्या स्वच्छ कव्हरमध्ये ठेवा. साध्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्या कागद खराब करतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदला. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकू देऊ नका. चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर कधीच करू नका, ते पुन्हा काढता येत नाही. नोंद करायची तर वेगळ्या चिठ्ठीवर.

पाकीट कुणाच्या घरातून आलं, पत्र लिहिणारा कोण, घेणारा कोण हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारून लिहून ठेवा. ही माहिती शिक्क्यावर नसते आणि एक पिढी गेली की ती मिळत नाही. दोन्ही बाजू स्कॅन करा. पण समाजमाध्यमांवर टाकताना मजकूर वाचून बघा. कुणाचं आजारपण, कर्ज, लग्नाची बोलणी त्यात असू शकतात आणि त्यांची नातवंडं आजही त्याच गावात राहत असतील.

शेवटी कायद्याची एक गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक मूल्य असलेली, किमान ७५ वर्षं जुनी हस्तलिखितं आणि कागदपत्रं ‘पुरावस्तू’ ठरू शकतात. पुरावस्तू देशाबाहेर पाठवण्याची खासगी व्यक्तीला मुभा नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाने चांगली किंमत सांगितली तरी आधी नीट चौकशी करा.

आणि आज घरी एवढंच करा. गठ्ठा काढा, एक पाकीट घ्या, ते उलटं करा. मागच्या बाजूला पुसट गोल शिक्का दिसला तर तो पोहोच शिक्का असू शकतो. पुढची तारीख आणि मागची तारीख यांच्यामधले दिवस मोजा. ते पत्र तेवढे दिवस वाटेत होतं. कात्री तोवर बाजूलाच राहू द्या.